बोटीवरची गाडी आणि २२ सप्टेंबर

२०२५ च्या तान्हा पोळ्याचा दिवस होता. मारबतीच्या मिरवणुकीमुळे नागपुरातले इतवारी-महालकडचे रस्ते बंद, ऑफिसातली पोरं सुट्टीवर, मी एकटाच फायली चाळत बसलेलो. लक्ष्मीनगरातल्या शाळासोबत्याचा फोन आला. "अरे, पोराची गाडी येऊन राहिली बोटीनं. तू कस्टमचंच काम करतो नं? सोडवून दे बावा."

माझं काम कस्टम ब्रोकरचं. अजनीच्या डेपोतून गोंदिया-भंडाऱ्याचा तांदूळ आणि बुटीबोरीच्या कारखान्यांचा माल रेल्वेने न्हावा शेवा बंदराला रवाना करायचा, तिकडून यंत्रांचे सुटे भाग आणायचे. सत्तावीस वर्षांत परदेशात वापरलेली मोटार माझ्या हाताखालून एकदाही गेली नव्हती. ती नागपुरात उतरूच शकत नाही, त्याचं कारण पुढे येईल. तरी "कोणती गाडी, कुठून, कधी निघाली?" असे तीन प्रश्न विचारले आणि मित्राच्या उत्तरांनी माझा चहा गार झाला. गाडी एसयूव्ही, दोन लिटरचं पेट्रोल इंजिन, ब्रिटनमध्ये बनलेली. मार्च २०२३ मध्ये नवी घेतलेली. साउदॅम्प्टनहून २ ऑगस्टला निघालेली. आणि निघण्यापूर्वी इथल्या कोणाला एका शब्दाने विचारलेलं नाही.

डॉक्टरांची (मित्राच्या मुलाला मी लहानपणी खांद्यावर घेऊन फिरलोय, पण या फायलीत तो 'डॉक्टर'च आहे) परवानगी घेऊन हे लिहितो आहे. नऊ वर्षं ब्रिटनमध्ये काढून ते कायमचे परत येत होते. रामदासपेठेत भागीदारीत दवाखाना ठरला होता. सामानाचा कंटेनर वेगळा, गाडी वेगळी.

काय समजून गाडी पाठवली

त्या रात्री व्हिडिओ कॉल झाला. डॉक्टरांनी आपला विचार सांगितला, आणि गंमत म्हणजे त्यातलं एकही वाक्य धादांत खोटं नव्हतं. प्रत्येक वाक्य अर्धं खरं होतं, म्हणूनच ते महागात पडलं.

"काका, मी ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्समध्ये बसतो. सामान ड्यूटी-फ्री येतं." मुक्काम कायमचा भारतात हलवणाऱ्याचं घरसामान येतं, ठरलेल्या मर्यादेत. पण कस्टम्स अ‍ॅक्ट, १९६२ च्या कलम २ मध्येच 'बॅगेज'ची व्याख्या करताना मोटार वाहन त्यातून वगळलेलं आहे. वॉशिंग मशीन सामान आहे, मोटार नाही. या मुद्द्यावर पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेला नाही.

दुसरा मुद्दा जास्त चिवट निघाला. "फेब्रुवारीच्या बजेटमध्ये गाड्यांची ड्यूटी १२५ वरून ७० टक्के केली, मी स्वतः वाचलं." खरंच केली होती. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात मोटारींवरची मूळ सीमाशुल्काची दरपट्टी १२५ वरून ७० वर आली आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत तोच आकडा ठळक छापून आला. त्याखालची ओळ कमी लोकांनी वाचली. वापरलेल्या गाडीवर त्याच दिवशी ६७.५ टक्के शेती पायाभूत सुविधा व विकास उपकर बसला. ७० आणि ६७.५ मिळून १३७.५. पूर्वी १२५ टक्के मूळ शुल्क आणि त्याच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे साडेबारा. बेरीज तीच, १३७.५. एका खिशातली नोट दुसऱ्या खिशात गेली एवढंच. ४० हजार डॉलरच्या वरच्या नव्या गाड्यांचंही तसंच, आधी ११० आणि नंतर ७० अधिक ४०, म्हणजे पुन्हा ११०.

मग हे केलं कशाला? माझ्या मते दोन कारणं. भारताला 'टॅरिफ किंग' म्हणून हिणवणाऱ्यांना दाखवायला दरपट्टीतला सगळ्यात उंच आकडा खाली आला. आणि मूळ शुल्कातला वाटा राज्यांना द्यावा लागतो, उपकरातला द्यावा लागत नाही. विलायती एसयूव्हीवरचा कर शेतीच्या नावाने गोळा होतो, हे वऱ्हाडातल्या कापूसवाल्याला सांगितलं तर तो हसेल की चिडेल, ठाऊक नाही.

तिसरा मुद्दा मुक्त व्यापार कराराचा. भारत-ब्रिटन करारावर २४ जुलै २०२५ ला ब्रिटनमध्ये सह्या झाल्या. 'ब्रिटिश गाड्या ११० वरून १० टक्क्यांवर' ही बातमी डॉक्टरांना चार जणांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. नवव्या दिवशी गाडी बोटीवर चढली. पण सही म्हणजे अंमल नव्हे. करार लागू व्हायला दोन्ही देशांतले सोपस्कार पुरे व्हावे लागतात, आणि त्या सप्टेंबरात तो लागू नव्हता. शिवाय तो १० टक्क्यांचा दर टप्प्याटप्प्याने आणि कोट्यात बांधलेला. शिवाय गाडी तिथलीच आहे याचा मूळ देशाचा पुरावा निर्यातदाराने किंवा उत्पादकाने द्यायचा असतो. एका डॉक्टराने आपल्या अंगणातल्या गाडीसाठी तो कुठून आणायचा? साखरपुड्याचे पेढे खाऊन लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखं झालं होतं.

मुंबईच का

वापरलेल्या गाडीच्या आयातीच्या अटी परकीय व्यापार धोरणाखालच्या आयात वर्गीकरणाच्या (आयटीसी-एचएस) ८७ व्या प्रकरणात आहेत. १ एप्रिल २००१ ला भारताने आयातीवरचे संख्यात्मक निर्बंध उठवले, तेव्हा धास्ती होती ती जपानची. जपानही डाव्या बाजूने गाडी चालवणारा देश, स्टिअरिंग उजवीकडे, आणि तिथे चार-पाच वर्षं वापरलेली गाडी कवडीमोलाने निघते. त्या गाड्यांचा लोंढा आपल्या कारखान्यांवर येऊ नये म्हणून बंदीऐवजी अटींची भिंत बांधली. उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांहून जुनी नको. स्टिअरिंग उजवीकडे हवं. वेगाचा काटा किलोमीटरमध्ये हवा. दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या रहदारीला साजेसा हवा. पुढची पाच वर्षं रस्त्यावर धावण्याजोगी असल्याची हमी हवी. आणि आयात एकाच दारातून, मुंबई बंदरातून.

दुबईतून परतणाऱ्यांचे फोन कधीमधी येतात. त्यांना मी एका वाक्यात सांगतो की स्टिअरिंग डावीकडे आहे, विषय संपला. ब्रिटनची गाडी इथपर्यंत तरी टिकते. अडते ती किरकोळ वाटणाऱ्या जागी. तिथले काटे मैलांत. डॉक्टरांच्या गाडीचा डॅशबोर्ड डिजिटल होता, मेन्यूत जाऊन किलोमीटर करता येत होतं, आणि तिकडच्या तपासणीवाल्याने ते करून घेऊनच प्रमाणपत्र दिलं होतं. भल्या माणसा, तुझे उपकार.

बंदराच्या बाबतीत तर निव्वळ नशीब. डॉक्टरांनी आधी स्वस्त पडतं म्हणून कंटेनरचं बुकिंग विचारलं होतं, आणि कंटेनर म्हणजे न्हावा शेवा. समोरासमोर असली तरी कस्टमच्या लेखी ती वेगळी बंदरं. तिथे गाडी उतरली असती तर धोरणाचाच भंग, मग जप्ती, दंड आणि अपिलं. कंटेनरची तारीख जमली नाही म्हणून गाडी रो-रो बोटीने निघाली, म्हणजे रॅम्पवरून चालवत आत नेतात ती, आणि ती बोट मुंबई बंदराला लागणार होती. अजनीचा किंवा मिहानचा डेपो घरापासून दहा-पंधरा किलोमीटरच्या आत असून या गाडीच्या काही कामाचा नाही, हे मित्राला पटवायला मला दोनदा घरी जावं लागलं. "अरे पण समृद्धीनं आठ तासांत येते नं मुंबईहून!" येते, पण बाहेर सुटल्यावर.

तीस लाखांचे किती होतात

वापरलेल्या गाडीचं मूल्य कस्टम बाजारभावाने धरत नाही. नवी असतानाची कर वगळून किंमत घ्यायची आणि घसारा वजा करायचा. पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच, चौथ्यापासून २, आणि एकूण ७० टक्क्यांच्या वर नाही. मार्च २०२३ ते सप्टेंबर २०२५ म्हणजे दहा तिमाह्या. सोळा, बारा आणि पाच मिळून ३३ टक्के.

गाडीची करापूर्वीची किंमत ३६ हजार पौंड. ३३ टक्के गेले, राहिले २४,१२०. हिशेबासाठी पौंड ११५ रुपये धरला तर सुमारे २७ लाख ७४ हजार. बोटीचं भाडं १,७०० पौंड, विमा १.१२५ टक्के. सगळं मिळून जवळपास नेमके ३० लाख.

यावर १३७.५ टक्के म्हणजे ४१ लाख २५ हजार. आता गाडी झाली ७१ लाख २५ हजारांची, आणि या फुगलेल्या आकड्यावर आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी). म्हणजे करावर कर. त्या दिवशीच्या नियमाने मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के भरपाई उपकर, एकूण ५०. आणखी ३५ लाख ६२ हजार.

म्हणजे तीस लाखांच्या गाडीवर ७६ लाख ८७ हजार कर. स्क्रीनवर डॉक्टरांच्या शेजारी त्यांची बायको बसली होती. ती उठून आत गेली.

३ सप्टेंबर

लाल समुद्रात २०२३ च्या अखेरीपासून जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हापासून बऱ्याच कंपन्या सुवेझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागल्या. ही बोटही केप ऑफ गुड होपवरून येत होती. एरवी आम्ही त्या वळशाला शिव्या घालतो, कारण दहा-बारा दिवस वाढतात. या वेळी तो वळसा आमच्या पथ्यावर पडला. बोट आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला असताना, ३ सप्टेंबरला रात्री, जीएसटी परिषदेचा निर्णय जाहीर झाला. मोठ्या गाड्यांवर भरपाई उपकर रद्द, सरळ ४० टक्के, २२ सप्टेंबरपासून.

५० चे ४० झाले. ७१ लाख २५ हजारांवर दहा टक्के, म्हणजे ७ लाख १२ हजार वाचणार. पण बोट मुंबईला लागणार होती १२ सप्टेंबरला. दहा दिवस आधी.

इथे पुष्कळ जण घोळ घालतात, म्हणून थोडं सविस्तर. गाडी परदेशातून कधी निघाली, पैसे कधी भरले, बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या मालपावतीवर) तारीख काय, यावर दर ठरत नाही. कस्टम्स अ‍ॅक्टच्या कलम १५ प्रमाणे दर लागतो तो बिल ऑफ एन्ट्री (आयात मालाचं कस्टमला द्यायचं घोषणापत्र) सादर केल्या दिवसाचा किंवा बोटीला 'एन्ट्री इनवर्ड' (माल उतरवायची कस्टमची परवानगी) मिळालेल्या दिवसाचा, यातला जो नंतरचा तो. मग बिल उशिरा सादर केलं तर? ते बोट येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत सादर करणं बंधनकारक आहे. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोजचे ५ हजार, पुढे रोजचे १० हजार. २२ तारखेपर्यंत थांबलो तर ९५ हजार, शिवाय बंदराचं जागाभाडं. मुंबईतल्या आमच्या जोडीदाराने हा हिशेब तोंडी करून सांगितलं, "लाखभर भरा, सात लाख वाचवा, डोकं कशाला लावता?"

आकड्यांत तो चुकीचा नव्हता. मला ते रुचलं नाही, कारण जाणूनबुजून उशीर करून दंड भरायचा म्हणजे फायलीवर पहिल्याच पानावर डाग. जुन्या परदेशी गाडीची फाइल आधीच संशयाने बघितली जाते. शिवाय माझ्या डोक्यात आणखी एक दार होतं, ते मी तेव्हा बोललो नाही.

आम्ही गाडी बॉन्डमध्ये टाकली, म्हणजे कर न भरता माल ठेवता येतो अशा कस्टमच्या देखरेखीखालच्या गोदामात. बोट येण्याआधी, वेळेत, गोदामात ठेवण्यासाठीचं बिल ऑफ एन्ट्री भरलं. बॉन्डेड गोदामातल्या मालाला दर लागतो तो तिथून बाहेर काढताना जे एक्स-बॉन्ड बिल सादर कराल त्या दिवसाचा. ९० दिवसांपर्यंत व्याजही नाही. किंमत एकच, बॉन्डच्या कागदावर शुल्काच्या तिप्पट रकमेची हमी लिहून द्यावी लागते. डॉक्टर तोवर नागपुरात पोचले होते. २ कोटी ३० लाखांवरच्या आकड्याखाली सही करताना त्यांनी पेन दोनदा खाली ठेवलं. "काका, हे भरायचे नाहीत ना?" नाही रे, शब्द मोडला तर.

बॉन्डमधले दिवस

२२ सप्टेंबर उजाडला. घटस्थापना होती. मी सकाळी सातलाच ऑफिसात. नवा हिशेब मांडला, कर ६९ लाख ७५ हजार. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली आणि डॉक्टरांना फोन केला.

ते शांत होते. मला म्हणाले, "काका, पुढचं पण सांगा नं." पुढचं म्हणजे नियमांच्या पूर्ततेसाठी चाचणी, पुण्याच्या एआरएआयमध्ये, अहिल्यानगरच्या व्हीआरडीईत किंवा मध्य प्रदेशातल्या बुदनीला. (बुदनीला मुख्यतः ट्रॅक्टर तपासतात. नागपूरहून पुण्यापेक्षा जवळ, पण गाडी मुंबईत अडकलेली, त्यामुळे जवळ असून उपयोग शून्य.) मग आरटीओ. महाराष्ट्रात आयात केलेल्या गाडीवर एकरकमी कर २० टक्के. कमाल मर्यादा त्याच वर्षी १ जुलैपासून २० लाखांवरून ३० लाख झालेली. गाडीची पडलेली किंमत ९९ लाख ७५ हजार, त्यावर सुमारे २० लाख. म्हणजे 'एमएच ३१'ची पाटी लागेपर्यंत एक कोटी वीस लाखांच्या घरात.

"आणि इथं शोरूममध्ये?"

ते मी आधीच विचारून ठेवलं होतं. त्याच वर्गातली नवी गाडी, वॉरंटीसकट, रस्त्यावर येईपर्यंत ऐंशी लाखांच्या आत. कारण साधं आहे. सुट्या भागांच्या रूपात येऊन इथे जोडल्या जाणाऱ्या गाडीवर, इंजिन-गिअरबॉक्स जोडलेले नसतील तर, मूळ शुल्क १५ टक्के. म्हणून तर काही ब्रिटिश गाड्या पुण्यात जोडल्या जातात. शिवाय जीएसटीच्या ज्या बदलाने माझे सात लाख वाचवले, त्याच बदलाने शोरूमवाल्याची गाडीही स्वस्त केली. माझ्या हुशारीने दोन आकड्यांमधलं अंतर फारसं कमी झालंच नव्हतं. हे मला तीन सप्टेंबरलाच दिसायला हवं होतं. मी दहा टक्क्यांच्या मागे इतका लागलो की उरलेले दोनशे बत्तीस टक्के डोळ्यांआड झाले.

दुसऱ्याच दिवशी, २३ सप्टेंबरला, कोचीच्या कस्टमने 'ऑपरेशन नुमखोर' नावाने केरळभर छापे टाकले. भूतानमधून आणलेल्या जुन्या एसयूव्ही खोट्या कागदांवर दुसऱ्या राज्यांत नोंदवून विकल्या जात होत्या असा आरोप. पहिल्याच दिवशी तीसहून अधिक गाड्या जप्त. संध्याकाळी शंकरनगर चौकातल्या टपरीवर मित्राचा मेहुणा म्हणाला, "भूतानहून आणायची होती नं भाऊ, हजारात काम झालं असतं." मी त्याला बातमी दाखवली. तो म्हणाला, "ते पकडले गेले म्हणून." असे सल्लागार प्रत्येक घरात एक असतात, आणि लोक ऐकतातही त्यांचंच.

मग मी न बोललेलं दार उघडलं. बॉन्डमधला माल कलम ६९ खाली आयात शुल्क न भरता परत निर्यात करता येतो. सरळ सोडवली असती किंवा दंड भरून थांबलो असतो तर हा रस्ता इतका मोकळा राहिला नसता. डॉक्टरांनी एक आठवडा मागितला. त्यांच्या आईचं म्हणणं होतं की पोराने हौसेने घेतलेली गाडी आहे, पैसा काय पुन्हा येतो. वडील म्हणाले, चाळीस लाख जास्त देऊन अडीच वर्षं वापरलेली गाडी दारात उभी करायची नि सर्व्हिसला मुंबईला न्यायची? घरात दसऱ्यापर्यंत हाच विषय. शेवटी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर सोनं द्यायला आले आणि आपट्याचं पान हातावर ठेवतानाच म्हणाले, "परत पाठवू."

परतीचं बुकिंग मिळायला पाच आठवडे गेले. तिथल्या नोंदणीत गाडी 'कायमची निर्यात' म्हणून दाखवली होती, ती पुन्हा सुरू करायला लीड्समधल्या त्यांच्या मित्राने खेटे घातले. तीन वर्षांच्या आत, आहे त्या स्थितीत परतलेल्या मालाला ब्रिटनमध्ये शुल्कातून सूट मागता येते, ती मागितली. नोव्हेंबरच्या मध्यात गाडी पुन्हा रॅम्पवरून आत गेली, नव्वद दिवस पुरे व्हायला जेमतेम चार आठवडे राहिले असताना. दोन्ही बाजूंचं भाडं, बॉन्डचं भाडं, विमा आणि आमचे दोघांचे पैसे धरून डॉक्टरांना सहा लाखांच्या आसपास भुर्दंड पडला. माझी फी मी निम्मी केली. मित्र रागावला, पूर्ण घे म्हणाला. घेतली नाही.

जानेवारीत बॉन्ड रद्द झाल्याचा कागद आला, तो द्यायला मी लक्ष्मीनगरला गेलो. दारात शोरूमची नवी, पांढरी, बरीच लहान गाडी उभी होती. डॉक्टरांच्या आईंनी टीव्हीखालचा ड्रॉवर उघडून एक किल्ली माझ्यासमोर ठेवली. विलायती गाडीची दुसरी किल्ली. विमानातून येताना डॉक्टरांच्या बॅगेत राहिली होती आणि गाडी घेणारा लीड्सचा गिऱ्हाईक तिच्यासाठी अडून बसला होता. "ही पाठवायला काही ड्यूटी लागते का हो?" त्यांनी विचारलं. मी किल्ली खिशात घातली आणि जाता जाता कुरिअरवाल्याकडे दिली.